दाराजवळची जागा

हॉटेलात ग्रामोफोनवर तबकडी लागली की माणसं माना डोलावतात. मला गाणं नीट ऐकूच येत नाही. मला एक म्हातारा दिसतो. समोरचे दात झिजून अर्धे झालेले, ओठांवर जुन्या चटक्यांचे पांढरे डाग, आणि कपाळाला आठ्या घालून विचारतोय, "खूप म्हंजे कितीक, बाबू?"

ती तबकडी लाखेची असते. माना डोलावणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. पळसाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख आमच्या गोंदियाच्या कारखान्यात येते, धुतात, चाळतात, वितळवतात, तिचा पातळ चपडा काढतात आणि तो पोत्यांत भरून कलकत्त्याच्या गाडीत चढवतात. चपडा पिवळाधमक दिसला तर लवकर खपतो. म्हणून वितळवण्याआधी लाखेत हरताळ कालवतात. हरताळ म्हणजे पिवळा दगड. दळला की हुबेहूब हळद. पण सोमलाच्या कुळातला. उंदीर मारायला सोमल आणताना दुकानदार दहा प्रश्न विचारतो. हरताळाचं पोतं कारखान्यात शिरताना कोणी काही विचारत नाही.

त्या म्हाताऱ्याने, झामाजींनी, बावीस वर्षं चपडा ओढला. ओढला म्हणजे काय, ते बघितल्याशिवाय पटायचं नाही. भट्टीपुढे लांबलचक कापडी थैलीत लाख वितळते. थैली पिळली की ती पाझरते. कारागीर ती गरम पाण्याच्या घड्यावर थापून तिची पोळी करतो. मग ओढणारा पुढे होतो. दोन हातांत दोन कोपरे, पायांच्या अंगठ्यांत दोन कोपरे, आणि वरची कड दातांत. अशी ती गरम पोळी ताणत ताणत धोतराएवढी करायची. दातांनी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथल्या तिथे ओरडलो होतो. झामाजी त्यावर शेडच्या कोपऱ्यातून म्हणाले होते, "ओरडून नको राहू, बाबू. पोळी फाटते."

दात झिजले तेव्हा त्यांना थैल्या शिवायला बसवलं. कारखान्याच्या एका कोपऱ्यात मांडी घालून, जाड सुई घेऊन ते दिवसभर शिवत. तिथून सगळी शेड दिसे. मला वाटतं, ते शिवत कमी आणि बघत जास्त.

आमची ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा बावीस वर्षांचा, युनियनच्या कचेरीत नवा, आणि पत्रकं लिहिण्यात स्वतःला फार मोठा समजणारा. कारखान्याच्या फाटकावर मी जे पत्रक वाटलं त्याचा मथळा होता, 'लाखेच्या भट्टीत असंख्य श्रमिकांचा बळी!' झामाजींना वाचता येत नव्हतं. त्यांच्या लेकीने, पारबताने, फाटकाला टेकून ते मोठ्याने वाचून दाखवलं. ती चार यत्ता शिकलेली, आवाज खणखणीत. मथळा ऐकताच म्हाताऱ्याने हात वर केला.

"असंख्य म्हंजे कितीक?"

मी म्हणालो, "म्हणजे मोजता येणार नाहीत इतके, काकाजी."

"अंदर एक्क्याण्णव मानसं काम करून राहिली. मी रोज मोजतो. तुले मोजता काऊन येत नाई?"

फाटकावर हशा पिकला. पारबता सगळ्यांत जास्त हसली. मी पंधरा दिवस त्या माणसाचं तोंड पाहिलं नाही.

मोजणं हा त्यांचा रोग होता असंच म्हणायला हवं. लग्नात पंगत बसली की कढईकडे एकदा पाहून सांगत, भात तिसऱ्या पंगतीला पुरणार नाही. पुरत नसे. घरी मीठ चिमटीने, तांदूळ मुठीने, पाणी करवंटीने. तंबाखूला चुना लावताना नखावर किती घ्यायचा हेसुद्धा ठरलेलं. कोणी 'लय' म्हणालं, 'खूप' म्हणालं, की ते चिडत. "लय हे माप नाई," म्हणत. एकदा सडक अर्जुनीला आमची सभा होती. ट्रकने गेलो. वाटेत मी ऐटीत म्हणालो, आज हजारोंनी लोक येतील. झामाजींनी ढाब्यासमोरच्या खाटा पाहिल्या, उभे ट्रक पाहिले, रस्त्याकडेची चुलाणं पाहिली आणि म्हणाले, "त्रेसष्ट." सभा संपल्यावर मी गुपचूप मोजलं. एकसष्ट. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "दोघं ट्रकमागं मुतून राहिले. येतील, थांब."

आले.

ते मुर्रीला राहत. रोज पहाटे चालत गोंदियाला येत, संध्याकाळी चालत परत. सोबत पारबता. बायको मागेच गेलेली, आणि पारबताला नवऱ्याने टाकलेलं, तेव्हा घरात दोघंच. पारबता तीन वर्षांपासून कारखान्यात हरताळ कालवायला होती. लाकडी पेटीत लाखेचे दाणे, त्यावर करवंटीने हरताळ, मग दोन्ही हातांनी खालवर. ही पेटी दाराशी होती. त्या जागेसाठी झामाजींनी मुकादमाच्या घरच्या दोन गाद्या फुकट शिवून दिल्या होत्या. कारण साऱ्या कारखान्यात एकच समज होता, भट्टीजवळ मरण आणि दाराजवळ सुख. भट्टीजवळ धग, धूर, चटके. दाराशी सावली आणि वारा. बायका त्या जागेवरून भांडत. पारबताला ती मिळाली तेव्हा झामाजींनी मुर्रीत गूळ वाटला होता.

फक्त तिचा घोळणा फुटे. शिवता शिवता झामाजी बघत, ती पदर नाकाला लावून मान वर करून बसलेली असे. "ऊन लागलं," ती म्हणे. थंडीच्या दिवसांतही तिला ऊन लागे. आणि तळहात खरखरीत झालेले, जागोजागी टणक गाठी. "बाबा, माह्या हातावर आता चपात्या भाजता येतील," असं ती मला ऐकवत म्हणाली होती. तेव्हा मी हसलो होतो. आज त्या हसण्याची मला चीड येते.

पंधरा दिवसांनी भांडण मिटलं ते असं. झामाजी स्वतः कचेरीत आले, चपला बाहेर काढल्या, म्हणाले, "बाबू, तू म्हनतो जहर पोटात जाते. कोनाच्या जास्त जाते, कोनाच्या कमी? मोजून पाहू का?"

मी म्हणालो, मोजायचं काय त्यात, सगळ्यांच्याच जातं.

"सगळ्यायच्या जाते म्हनलं तं मालक म्हनते, मी बी तेथंच बसतो, मले काई झालं नाई. जागा सांगावी लागते."

रविवारी त्यांनी मला मुर्रीला बोलावलं. अंगणात मातीने कारखाना काढलेला होता. भिंती वीतभर उंच, भट्टीच्या जागी काळं खापर, दाराला फट, खिडक्यांना भोकं. माणसांच्या जागी चिंचोके ठेवलेले. एक्क्याण्णव. मी मोजले, त्यांनी मला मोजू दिले. दाराच्या फटीत ते फुंकर घालत आणि भिंतीशी टाकलेली बारीक राख कुठे सरकते ते पाहत. पालथे पडून, गाल जमिनीला लावून. साठीचा माणूस! पारबता चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आमचा बाबा कारखाना खेळून राहिला. तुमी बी खेळा."

पण फुंकर म्हणजे वारा नव्हे, हे त्यांचं त्यांनाच पटलेलं होतं. खऱ्या शेडमध्ये खरी पूड उडायला हवी. हरताळाची पूड कापडावर पडली तर ती किती पडली हे नीट कळत नाही, पिवळट मळ दिसतो इतकंच. इथे त्यांना मेलेली बायको आठवली. ती घरी कुंकू करायची. हळदीला चुना लागला की लाल होते. जितकी हळद, तितका लाल.

महिनाअखेरीला कारखान्यात झाडलोटीच्या लाखेचा एक घाणा निघे. तो स्थानिक बांगडीवाल्यांना जाई, त्याचा रंग कोणी बघत नसे. त्या दिवशी हरताळाऐवजी हळद कालवायची, तेवढ्याच करवंट्या, कापडातून गाळून अगदी मऊ केलेली. आणि झामाजींनी थैल्यांच्या कापडातून पांढऱ्या पट्ट्या कापल्या, सगळ्या एका मापाच्या. सकाळी प्रत्येकाच्या छातीवर, गळ्याच्या खाली, एकेक पट्टी टाचली. मुकादमाने विचारलं, "ये क्या नौटंकी है, झामाजी?" ते म्हणाले, "थैल्यायच्या कापडाची मजबुती पाहून राहिलो." मुकादमाची पट्टी तेवढी त्यांनी जरा ऐटीत टाचली.

संध्याकाळी पट्ट्या मुर्रीच्या अंगणात आल्या. त्याआधी झामाजींनी मापं तयार करून ठेवली होती. आठ पट्ट्या, त्यांवर एक चिमूट हळद, दोन चिमटी, तीन, अशी आठपर्यंत झटकलेली, चुन्याचं पाणी शिंपडून दोरीवर टांगलेली. पहिली फिकट गुलाबी, आठवी कुंकवासारखी. आता कामगारांच्या पट्ट्यांवर चुन्याचं पाणी पडू लागलं आणि एकेक पट्टी दोरीवरच्या मापाशी धरून झामाजी आकडा बोलू लागले. मी चिंचोक्यांशेजारी खडूने लिहू लागलो. दहाबारा कामगार जमले होते. सगळ्यांची नजर भट्टीवाल्यांच्या पट्ट्यांवर. ओढणाऱ्याची, तीन. पिळणाऱ्याची, दोन. कारागिराची, दोन. लोक चुळबुळले. भट्टीच्या धगीने वारा वर चढतो, पूड तिथे टिकत नाही, हे आम्हाला त्या क्षणी कळलं.

मग एक पट्टी पाण्याखाली गेली आणि बघता बघता लालभडक झाली.

"सात," झामाजी म्हणाले. "कोनाची?"

त्यांनी कोपरा उलटून बघितला. पट्टीच्या कोपऱ्यात त्यांनीच जागेगणिक वेगळ्या रंगाच्या धाग्याचा टाका घातला होता, कोणाची ते कळावं म्हणून. टाका हिरवा होता.

पारबता म्हणाली, "माही आहे, बाबा. मले वाटे भट्टीवाल्यायची होईल."

दारातून येणारा वारा समोरच्या आडव्या भिंतीवर आपटत होता आणि वळून पेटीवरून परत तिच्या तोंडावर येत होता. मातीच्या कारखान्यात राख त्याच कोपऱ्यात साचली होती. आम्ही ती पाहिली होती. तिथे राख साचलेली बघूनही आम्हाला दाराजवळची जागा चांगलीच वाटत राहिली होती.

झामाजींनी पट्टी खाली ठेवली. लेकीला म्हणाले, "पोरी, नाक दाखव." तिने मान मागे केली. त्यांनी कंदील जवळ आणून बघितलं. बराच वेळ. मग तिचे तळहात उलटे करून बघितले. मग उरलेल्या पट्ट्या हातात घेतल्या आणि पुढचे आकडे बोलू लागले. एक. दोन. एक. आवाज तोच. फक्त हिरव्या टाक्याचा चिंचोका त्यांनी उचलून मुठीत धरला होता, आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

आता माझं सांगतो, आणि ते लपवून सांगण्यात अर्थ नाही.

सरकारी इन्स्पेक्टर येणार होता. अर्ज मी लिहायचा होता. झामाजींच्या मागण्या तीन. हरताळाची पूड पाणी शिंपडून ओली करा, मग कालवा. पेटी दारापासून हलवून मागच्या भिंतीशी न्या. कालवणारा माणूस दर आठवड्याला बदला. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हणालो, एवढंच? यासाठी लढा उभारायचा? मी चार पानं लिहिली. रक्तपिपासू भांडवल, विषाची शेती, हरताळावर संपूर्ण बंदी, मागच्या सर्व वर्षांची भरपाई. झामाजींच्या तीन ओळी चौथ्या पानाच्या तळाशी घातल्या, 'आनुषंगिक मागण्या' म्हणून. अर्ज वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा पारबता आजारी होती. झामाजींनी विचारलं, "तीन गोष्टी लिहिल्या का?" मी म्हणालो, लिहिल्या. ते खरंच होतं.

इन्स्पेक्टर आला, मॅनेजरच्या खोलीत बसला, पहिलं पान वाचलं आणि कागदाची घडी घातली. "ही राजकीय भाषा आहे," म्हणाला. मी उसळलो. मॅनेजर हसून म्हणाला, "साहब, इनके पास एक हल्दीवाले वैज्ञानिक भी हैं." झामाजींना आत बोलावलं. त्यांनी पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या. इन्स्पेक्टर शिकलेला माणूस होता. त्याने नेमकं बोट ठेवलं. "हळद हलकी असते, बाबा. हरताळ जड. हळद जिथे उडेल तिथे हरताळ उडेलच असं नाही."

माझा चेहरा उतरला. झामाजींचा नाही.

"खरं आहे, साहेब. हरद सातवर गेली तं हरतार कमी जाईल. पाचवर जाईल, चारवर जाईल. कितीक कमी ते मले माहीत नाई, तुमी शिकलेले, तुमी सांगा. पन भट्टीपेक्षा दाराजवर जास्त, हे तं खरं राहील ना?"

इन्स्पेक्टरने पट्ट्या हातात घेऊन बघितल्या, खरोखर बघितल्या. मग विचारलं, "तुम्हाला हवं काय?"

"बाबूनं लिहिलं आहे."

इन्स्पेक्टर पानं उलटू लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. मी बाजूला उभा, आणि माझा एकेक शब्द मला कागदावरून टोचत होता. तो चौथ्या पानापर्यंत पोहोचलाच नाही. गाडीची वेळ झाली होती. "पाहू," म्हणाला, अर्ज पिशवीत घातला आणि गेला. पुढे राज्यांची फेररचना झाली आणि आमचा भाग मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. नागपूरला विचारलं तर म्हणाले फाइल मुंबईला गेली, मुंबईहून उत्तर आलं की अशी फाइल नाही. तोंडाने तीन गोष्टी सांगायला मला किती वेळ लागला असता? झामाजींनी हे मला कधी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

इन्स्पेक्टर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरने पारबताला सांगितलं, "तेरे बाप को तेरी जगह पसंद नहीं, तो घर बैठ." घरी बसून चूल पेटणार नव्हती. झामाजी मला न सांगता एकटे मुकादमाकडे गेले. काय बोलले कोणास ठाऊक. सोमवारी पारबता कोपऱ्यात थैल्या शिवत होती आणि पेटीपाशी, दाराजवळच्या जागेवर, झामाजी बसले होते.

मी फाटकावर त्यांना गाठलं. माझा संताप अनावर झाला होता. "काकाजी, ही तर मालकाची जीत झाली!"

"जीत म्हंजे कितीक?"

"थट्टा नको! तुम्ही मुद्दाम मरायला बसलात तिथे?"

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं फार कमी वेळा पाहिलं. "मरायले कायले बसू? पानी शिंपडायले बसलो. पारबतानं शिंपडलं तं मुकादम डोरे वटारते, मी शिंपडलं तं म्हनते, म्हातारा आहे, करू दे. अन् माह्यात बावीस वर्षं गेली आहे. तिच्यात तीन. तूच बेरीज कर." मग खालच्या आवाजात, "ते जागा मी देल्ली होती, बाबू. गूळ वाटला होता मी."

माझ्याकडे फक्त पत्रकं होती.

त्या पावसाळ्यानंतर युनियनने मला केशोरीकडे धाडलं. जायच्या दिवशी, महिनाअखेर उलटून गेली होती, मी पत्रकांचे गठ्ठे दोन्ही हातांत धरून कारखान्यासमोरून स्टेशनकडे चाललो होतो. दार उघडं होतं. आत दाराशीच झामाजी. नाकातोंडावर ओलं फडकं घट्ट बांधलेलं, बाजूला पाण्याची बादली, हात कोपरापर्यंत पेटीत. मागे कोपऱ्यात पारबता सुई ओढत होती. तिच्या नाकाला पदर नव्हता.

पेटीच्या वर, खिळ्याला, दोन पट्ट्या टांगलेल्या होत्या. एक मला ओळखू आली, हिरव्या टाक्याची, लालभडक. दुसरी तिच्यापेक्षा फिकी. झाडलोटीच्या घाण्याच्या दिवशी त्यांनी हळदीचा खेळ पुन्हा केला असणार, या वेळी ओल्या पुडीने आणि स्वतःच्या छातीवर.

त्यांनी मला पाहिलं. फडक्यामुळे बोलता येईना. त्यांनी पेटीतून हात काढला, पिवळा झालेला, आणि बोटं वर केली. चार. माझ्या लक्षात आलं की नाही असं वाटून हात आणखी उंच धरला. चार. डोळ्यांत अशी चमक, जणू सडक अर्जुनीची त्रेसष्ट माणसं मोजून पुरी झाली.

सातावरून चार. मला ओरडावंसं वाटलं, काकाजी, चार म्हणजे शून्य नव्हे! उठा तिथून! पण आत मुकादम होता, आणि पारबताने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं.

झामाजींचा हात तसाच वर होता. मी हलवायला हात उचलायला गेलो. दोन्ही हातांत गठ्ठे होते. ते खाली ठेवीपर्यंत त्यांनी बादलीत मूठ बुडवली आणि पेटीवर पाणी शिंपडायला सुरुवात केली होती.